बर्फातला व्हिडिओ दाखवून सोलापूरच्या उन्हात विकलेल्या इलेक्ट्रिक पिकअपबद्दल तक्रार

दिनांक : २ मे २०२५

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
इलेक्ट्रिक मालवाहू वाहने

विषय : सांगितलेली रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) उन्हाळ्यात भरलेल्या गाडीला न मिळणे, दुपारी चार्जिंग मंदावणे आणि तक्रार न सोडवताच बंद करणे याबाबत.

महोदय,

मागच्या दिवाळीत, पाडव्याला, मी तुमच्या सोलापूरच्या डीलरकडून एक टनी इलेक्ट्रिक पिकअप घेतली. बिल, चासी नंबर आणि कर्जाची कागदपत्रं सोबत आहेत. माझी शेती मोहोळ तालुक्यात आहे आणि राहणं गावात नाही, वस्तीवर. टोमॅटो, ढोबळी, हंगामात कांदा. माझा आणि शेजारच्या दोन-चार वस्त्यांचा माल भरायचा, रात्री तीनला निघायचं, पहाटेच्या लिलावाला सोलापूरच्या मार्केट यार्डात गाडी लावायची, आडत्याकडून विक्रीची पट्टी घ्यायची आणि येताना पेंड, खताच्या गोण्या, कुणाचं काय सांगितलेलं असेल ते भरून दुपारी घरी. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या घरात जातं. हे सगळं बुकिंगच्या आधी मी तुमच्या सेल्समनला सांगितलं होतं. त्यानं कोटेशनच्या पाठीमागं स्वतःच्या हातानं लिहून दिलं, ‘फुल लोड १२० पक्के’. त्याची झेरॉक्स जोडली आहे.

मी त्याला तेव्हाच उन्हाळ्याचं विचारलं होतं. त्यानं शोरूममधल्या टीव्हीकडं बोट दाखवलं. टीव्हीवर कुठल्यातरी देशात गुडघाभर बर्फातून एक इलेक्ट्रिक ट्रक चालला होता. म्हणाला, ‘दादा, उणे वीसमध्ये चालतीय, सोलापुरात काय होतंय हिला?’ शेजारी उभं असलेल्या मॅनेजरांनी मान डोलावली.

माझ्या तक्रारीचं मूळ या व्हिडिओत आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. माझा पुतण्या इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालेला आहे, त्यानं मला हे नीट समजावून सांगितलं. थंडीत लिथियम बॅटरीच्या आतली हालचाल मंदावते, त्यामुळं तेवढ्यापुरती वीज कमी मिळते. शून्याच्या खाली तशीच चार्ज केली तर सेलच्या आत लिथियमचा थर साचून कायमचं नुकसान होतं, म्हणून थंड देशातल्या गाड्यांत बॅटरी गरम करायची सोय देतात. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, हे खरं आहे. पण तिथं ती सोय आहे, घरोघर चार्जर आहे आणि रस्त्यानंही चार्जर आहेत. तरीसुद्धा हिवाळ्यात रेंज उतरते, हे तिथले लोक धरूनच चालतात. अमेरिकेत फोर्डची एफ-१५० लाइटनिंग ही पिकअप २०२२ मध्ये आली. तिची मोठी बॅटरी १३१ युनिटची, माझ्या गाडीची २१ ची. एवढ्या मोठ्या बॅटरीच्या गाडीमागं जड ट्रेलर लावला की रेंज निम्म्यावर येते, अशी तिथल्या चाचण्या घेणाऱ्यांचीच ओरड आहे. म्हणजे थंडीचा आणि ओझ्याचा प्रश्न तिकडंसुद्धा सुटलेला नाही.

आणि थंडीचा सुटला असता तरी आम्हाला त्याचा उपयोग काय? सोलापुरात डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंश झाले की आम्ही शेकोटी करतो. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-चव्वेचाळीस असतं. सेल तापले की गाडीतली यंत्रणा, ज्याला तुमचे लोक बीएमएस म्हणतात, ती बॅटरी वाचवण्यासाठी चार्जिंगचा वेग उतरवते आणि आणखी तापले तर ओढही कमी करते. शिवाय उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य घटतं ते वेगळंच. थंडीतला तोटा ऊन पडलं की भरून येतो, उन्हातला येत नाही. गाडीसोबत मिळालेल्या तुमच्या माहितीपुस्तिकेत थंडीत गाडी कशी वापरावी यावर दोन पानं आहेत. उन्हाबद्दल एक ओळ आहे : ‘वाहन सावलीत उभे करावे.’

मार्केट यार्डात सावली मालाला असते. शेडखाली मालाची पोती-क्रेट लागतात, हमाल बसतात, तोलाई चालते. गाड्या बाहेर काँक्रीटवर. दहा वाजता तिथं अनवाणी पाय टेकवता येत नाही.

आता गाडीचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी माझी या गाडीबद्दल काडीचीही तक्रार नव्हती. मीटर बघितलं तर रिकामी बॅटरी पूर्ण भरायला चोवीसेक युनिट लागतात, म्हणजे एका फेरीचा खर्च दोनशे-सव्वादोनशे रुपये. जुन्या डिझेल गाडीला त्याच फेरीला साडेचारशे-पाचशेचं डिझेल जायचं. क्लच नाही, गिअर नाही, चढाला भरलेली गाडी सहज निघते. संक्रांतीला आम्ही सगळे गड्ड्याच्या जत्रेला याच गाडीतून आलो. शेजारच्या दोघांनी मला बघून बुकिंग करायचं ठरवलं होतं. त्यांना मी आता थांबायला सांगितलं आहे.

मार्चच्या मध्यापासून चित्र पालटलं. भरून जाताना रात्रीचा गारवा असतो, तेव्हा ठीक. पण यार्डात चार-पाच तास तापून, पेंडीची पोती घेऊन परत निघालं की टक्के डोळ्यांदेखत उतरतात. हायवेला पन्नास-साठच्या वेगानं, भरलेल्या गाडीला एका चार्जमध्ये नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर मिळतात, त्यापुढं नाही. सावळेश्वरच्या टोलनाक्याच्या आसपास डिस्प्लेवर कासवाचं चित्र येतं आणि गाडी वीस-पंचवीसच्या वर पळत नाही. मागून उसाचे ट्रक आणि एसटी हॉर्न वाजवत जातात. तिथून मोहोळ, आणि मोहोळपासून आत आमची वस्ती. कासव घेऊन एवढं अंतर कसं काटायचं ते तुमच्या इंजिनिअरनं मला दाखवावं.

मग वाटेत चार्ज करायचं म्हटलं तर हायवेच्या हॉटेलाबाहेरचे चार्जर मोटारींसाठी आखलेले. पिकअप उभी केली की मागचा हौदा रस्त्यात येतो आणि वॉचमन काठी आपटतो. गन लागलीच, तरी दुपारी एकच्या उन्हात चार्जिंग एवढं रेंगाळतं की माझं जेवण होतं, बाजेवर एक डुलकी होते आणि टक्के जेमतेम वीसेक वाढलेले असतात. तुमच्या वर्कशॉपमध्ये सांगितलं की तापलेल्या बॅटरीला यंत्रणा जास्त वीज घेऊच देत नाही, कारण या मॉडेलला नुसत्या हवेनं थंड होणारा पॅक आहे. हे ऐकून मी गप्प झालो. कारण शोरूममध्ये मला ‘सर्व हवामानासाठी’ असं छापलेलं पत्रक दिलं होतं. तेही जोडलं आहे.

घरच्या चार्जिंगचं वेगळंच. डीलरचा माणूस येऊन पंधरा अॅम्पियरचा बोर्ड बसवून गेला, अर्थिंग तपासलं, फोटो काढले. तो आला होता हिवाळ्यात, भर दुपारी. वस्तीची लाइन शेतीच्या फीडरवर आहे. थ्री फेज आठ तास, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की आजूबाजूच्या सगळ्या पाण्याच्या मोटारी ऑटोस्विचवर एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज दीडशे-एकशे साठवर येतं. २३० व्होल्ट असताना ताशी तीनेक युनिट घेणारा चार्जर तेव्हा फार तर सव्वादोन घेतो, आणि बरेचदा लाल दिवा लावून बंदच पडतो. मी तीनला उठतो तेव्हा गाडी साठ टक्क्यांवर असते आणि टोमॅटोचे क्रेट भरून तयार असतात.

दुसरं अर्थिंगचं. आमची जमीन मुरमाड. एप्रिलमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडतो आणि चार्जर ‘अर्थ फॉल्ट’ दाखवून हात वर करतो. मीठ-कोळसा पुन्हा भरून झाला. आता घरची मंडळी रोज संध्याकाळी म्हशींना पाणी पाजलं की एक घागर त्या खड्ड्यात ओततात. बोअर आटत आलेलं असताना गाडीलाही पाणी पाजावं लागेल, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. विजेचा दोष तुमच्या माथी मारत नाही. पण ग्रामीण भागात विकायची म्हणून जी गाडी तुम्ही काढली, तिचा चार्जर ग्रामीण विजेवर चालला पाहिजे, एवढं तरी तुम्ही बघायला हवं होतं.

तुमच्या टोल फ्री नंबरवर मी मार्चपासून तक्रार करतो आहे. पलीकडून हिंदीत विचारतात, ‘सर, गाडी छाँव में खडी थी क्या?’ नंतर मोबाइलवर मेसेज येतो की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, कृपया पाच स्टार द्या. वर्कशॉपमध्ये गाडी रात्रभर ठेवून घेतली, सकाळी गार बॅटरी तपासली आणि ‘बॅटरी ओके, सॉफ्टवेअर अपडेट केले’ असा कागद दिला. किती टक्के ओके, ते लिहिलेलं नाही. रेंजबद्दल विचारलं तर मॅनेजर म्हणाले की कंपनीचा आकडा गाड्यांची चाचणी घेणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेनं प्रमाणित केलेला आहे. असेल. त्या संस्थेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या चक्रानुसार होते. त्या आकड्यावरून ‘फुल लोड १२० पक्के’ लिहून देणारा माणूस तुमचा होता.

माझ्या मागण्या अशा. बॅटरीची सध्याची क्षमता मोजून, टक्केवारीसह, सहीशिक्क्याचा अहवाल द्या आणि एप्रिल महिन्यातल्या बीएमएसच्या नोंदी मला द्या, म्हणजे तापमान किती होतं आणि चार्जिंग कधी उतरवलं ते कळेल. एक टन माल आणि चाळीसच्या वर तापमान असताना ही गाडी किती किलोमीटर जाते, तो आकडा कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्या, आणि पुढच्या ग्राहकासाठी तो पत्रकातही छापा. कमी व्होल्टेजवर चालणारा चार्जर किंवा योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर तुमच्या खर्चानं बसवा. बॅटरी थंड ठेवायची काही सोय या मॉडेलला बसवता येत असेल तर बसवा. यातलं काहीच जमत नसेल तर गाडी परत घ्या आणि वापराची रास्त रक्कम वजा करून पैसे द्या. मार्चपासून माल पोचवायला जी भाड्याची डिझेल गाडी करावी लागली, तिच्या पावत्याही जोडल्या आहेत. ते पैसे वेगळे.

तुमच्या डीलरनं मला असंही ऐकवलं की ही धंद्याची गाडी आहे, तुम्ही ग्राहक होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जो माणूस स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरतो, तो ग्राहकच असतो. गाडी मीच चालवतो, ड्रायव्हर ठेवलेला नाही. आणि तक्रार तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावी जाऊन नव्हे, तर मी राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला तिथं फी चारशे रुपये आहे, माझ्या जुन्या गाडीच्या एका फेरीच्या डिझेलपेक्षा कमी. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवस मी वाट बघेन, त्यानंतर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात कागद दाखल करेन. कोर्टकचेरीची हौस नाही. हप्ता मात्र दर महिन्याच्या सात तारखेला कापला जातो, गाडी चालो न चालो.

तपासायला माणूस पाठवणार असाल तर त्याला वर्कशॉपमध्ये सकाळी गाडी मागवायला सांगू नका. मे महिना आहे तोवरच, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, मार्केट यार्डात पाठवा. पेंडीची पोती भरलेली असतील. त्यानं माझ्या शेजारी बसून वस्तीपर्यंत यावं. जेवणाची सोय मी करतो.

आपला,
(सही)
गाडीमालक व चालक
ता. मोहोळ, जि. सोलापूर

सोबत : बिलाची प्रत, चासी नंबर आणि कर्जाची कागदपत्रं, कोटेशनची झेरॉक्स (पाठपोट), पत्रक, वर्कशॉपचा कागद, टोल फ्री तक्रारींचे मेसेज, भाड्याच्या गाडीच्या पावत्या, कासव दिसत असलेल्या डिस्प्लेचे फोटो.