फोन फोडल्याबद्दल, आणि ७३२च्या नंबराबद्दल

रामबाग, इंदूर
रविवार, १५ ऑगस्ट २०१०

प्रिय विनू,

तुझी मेल परवाच आली. उत्तर तिथंच टाइप करणार होतो, पण सकाळी झेंडावंदन आटोपून घरी आलो तो लाइट गेलेली, आणि अजून पत्ता नाही. म्हणून कागद घेतलाय. लाइट आली की स्कॅन करून पाठवीन, अक्षर लावून घे.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, चांगला चालता आयफोन मी का फोडला, म्हणजे त्याचं कंपनीचं कुलूप का तोडलं (जेलब्रेक म्हणतात ते). दोन, न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडच्या दातांच्या दवाखान्याचा फोन अजून तुझ्या घरी का वाजतो, आणि तोही रश्मीवहिनी पोरीला झोपवत असतात नेमका तेव्हा. वहिनींची आधी माफी मागतो. त्या दवाखान्याला दर सहा महिन्यांनी माझे दात आठवतात, माझ्या आईलाही एवढे आठवत नाहीत.

'चांगला चालता' या शब्दांवर मात्र माझी हरकत आहे. मेमध्ये इथे उतरलो तेव्हा थ्री-जीएस खिशात होता. करार मोडल्याचा दंड भरलेला, पावती माझ्या नावाची, म्हणजे फोन माझा. पण इथलं सिम घातलं की पडद्यावर एकच पालुपद, हे सिम चालणार नाही. तिथल्या कंपनीला फोन लावला, तिघांशी बोललो. तिघांनी आधी माझी चौकशी केली, मग फार नम्रपणे नाही म्हणून सांगितलं. झालं! दोन महिने तो फोन म्हणजे घरातल्या वायफायवर चालणारा आरसा. बोलायचं झालं की मी आईचा नोकिया मागायचो. तिनं एकदा पाहुण्यांसमोरच विचारलं, "अरे, अमेरिकेहून एवढा महागाचा आणलास तो काय नुसता पुसायला?" आणि महागाचा तर होताच. आपल्याकडे २००८च्या ऑगस्टात पहिल्यांदा आयफोन थ्री-जी विकायला आला, तेव्हा ८ जीबीचा ३१,००० ला होता. लोकांना वाटायचं याच्याकडे मोठं घबाड आहे, आणि हा मिस्ड कॉल द्यायलाही दुसऱ्याचा फोन मागतो.

जूनमध्ये जेल रोडला गेलो. तुला आठवतो तसाच आहे, फक्त जिथे आपण कॅसेटी भरून घ्यायचो तिथे आता मोबाइलवाले बसतात, एकाला लागून एक. एका पोरानं डोळ्याला भिंग लावून फोन पाहिला आणि वैद्यासारखी मान हलवली. "भिया, ये तो अमरीका का लॉक है." मग ड्रॉवरमधून नखाएवढी पातळ चकती काढली. ती सिमच्या खाली बसवायची म्हणजे फोनला वाटतं तिथलंच सिम आहे. चकती मावावी म्हणून त्यानं माझ्या सिमचा कोपरा कात्रीनं कापला, ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. सिग्नल आला. पैसे दिले, राजवाड्यापर्यंत चालत आलो तोवर गेला. परत गेलो तर ट्रे आत अडकलेला, तो त्यानं टाचणीनं उचकटून काढला आणि पैसे काही परत दिले नाहीत.

मग २ ऑगस्टचा सोमवार उजाडला. तिकडे तुमचा रविवार संपत होता तेव्हा कॉमेक्स नावाच्या पोरानं जेलब्रेकमी डॉट कॉमवर नवीन काम टाकलं होतं. आतापर्यंत या भानगडीला कॉम्प्युटर, केबल आणि देवाची कृपा असं तिन्ही लागायचं. इथे काहीच नाही. फोनमधल्याच सफारीत पान उघडलं, खाली पट्टी आली, फोन उघडायला सरकवतो ना, अगदी तशीच. सरकवली. मी पाटावर, पुढ्यात पोहे, डाव्या हातात फोन. जिरावण भुरभुरून दोन घास घेतले तोवर पडद्यावर निरोप, सिडिया (ॲपलला न विचारता ॲप मिळतात ते दुकान) घरात आणून ठेवलंय. पाहिलं तर कॅलेंडर आणि कॅमेऱ्याच्या पंगतीत एक तपकिरी चौकोन येऊन बसला होता. आई म्हणाली, "जेल रोडला जाऊन जेल फुटेना, ती पोहे खाताना फुटली."

जेलब्रेक आणि अनलॉक यांची तू मेलमध्ये खिचडी केली आहेस, म्हणून सांगतो. तुमच्या जुन्या वाड्याला दोन कुलपं होती, बाहेरच्या दिंडीला एक आणि काकांच्या कोठीला एक. जेलब्रेक म्हणजे दिंडीचं. ॲपलनं पसंत केलेलंच ॲप घ्यायचं, ही अट त्यानं सुटते. पण फोन कोणत्या कंपनीचं सिम घेणार, ते आतलं बेसबँड, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग, ठरवतं. ती कोठी. दिंडी उघडल्याशिवाय कोठीपर्यंत जाता येत नाही एवढाच त्यांचा संबंध. कोठीची किल्ली म्हणजे अल्ट्रास्नो नावाचं सॉफ्टवेअर, ते सिडियातून मिळतं. माझं बेसबँड ०५.१३.०४ निघालं, म्हणजे किल्ली लागणाऱ्यांतलं. नशीब म्हणायचं, कारण न विचारता अपडेट मारायची माझी सवय तुला माहीत आहे. फोन बंद करून चालू केला, कोपरा कापलेलं सिम घातलं, आणि 'नो सर्व्हिस' जाऊन तिथे इथल्या कंपनीचं नाव आलं. पहिला फोन स्वयंपाकघरातल्या लँडलाइनवर लावला. आईनं उचलला, आणि मी बाहेरच्या खोलीत आहे हे ठाऊक असून विचारलं, "कोण बोलतंय?"

'हे कायद्यात बसतं का' असं विचारलंस. तुमच्याच लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २६ जुलैला सांगून टाकलंय की कॉपीराइटच्या कायद्याखाली हा गुन्हा धरायचा नाही. वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं ते वेगळं. माझी वॉरंटी तशीही बारा हजार किलोमीटर लांब होती. आणि फुकटात ॲप ढापायला मी हे केलेलं नाही. सिडियावर तेही धंदे चालतात, पण पैशाचं एकही ॲप मी चोरलेलं नाही. (कॉलेजातल्या सीडींचा विषय काढू नकोस, त्यात तू भागीदार होतास.)

आता दुसरा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर फोडण्याचं मोठं कारण तेच. सिम इथलं झालं, फोन बोलता झाला, मग थांबायला हरकत नव्हती. पण माझा ७३२चा, म्हणजे न्यू जर्सीचा, नंबर अजून जिवंत आहे. डिपॉझिटचं लचांड त्या नंबरावर, टॅक्सवाला त्यावर, आणि जुना मॅनेजर महिन्याकाठी थोडं काम देतो तोही त्यावरच मेसेज टाकतो. शून्य एक एक नऊ एक फिरवून इंदूरला फोन लावा असं त्याला सांगितलं, तर काम दुसऱ्याकडे जाईल. गूगल व्हॉइसचा, म्हणजे सिमवर नाही तर गूगलच्या खात्यावर असलेला नंबर असल्यामुळे तो सिमबरोबर मेला नाही. पण तुला माहीतच आहे, आलेला फोन वळवायला त्या खात्याला एक तरी फोन बांधावा लागतो. मी निघायच्या आदल्या दिवशी तुझी लँडलाइन बांधली, आणि फोनवर दोन आकडी कोड दाबायला तूच उचललास. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे म्हणालो होतो. तीन महिने झाले.

तुझ्या ब्लॅकबेरीवर गूगल व्हॉइसचं ॲप मागच्या वर्षीच्या जुलैपासून आहे, म्हणून तुला हे दुखणं कळत नाही. त्याच सुमारास गूगलनं आयफोनसाठीही ॲप दिलं होतं. ॲपलनं ते घेतलं नाही, आणि दुसऱ्यांनी केलेली, आधी पास झालेली तसली ॲप्सही दुकानातून काढून टाकली. एफसीसीनं, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी दूरसंचार आयोगानं, पत्रं पाठवून जाब विचारला. २१ ऑगस्टला ॲपलचं उत्तर आलं की आम्ही नाकारलेलं नाही, अजून अभ्यास करतोय. येत्या शनिवारी त्या अभ्यासाला वर्ष होईल. इतक्यात आपला बंड्यासुद्धा बारावी पास झाला. काढलेल्यांपैकी जीव्ही मोबाइल हे ॲप त्याच्या कर्त्यानं सिडियावर आणून ठेवलं. म्हणजे मला माझ्याच नंबरचे निरोप माझ्याच फोनवर धड वाचायचे तर रस्ता तपकिरी चौकोनातूनच जातो. सफारीतून गूगलचं वेबपान उघडतं म्हणशील. उघडतं, पण इथल्या एजवर, म्हणजे मोबाइलच्या संथ इंटरनेटवर, ते उघडेपर्यंत चहा होतो, आणि नवा निरोप आला म्हणून ते हाक मारत नाही.

आता असं चाललंय. ७३२वर कुणी मेसेज केला की तो फोनमध्ये टुण्णकन वाजतो, मी उत्तर देतो, तिकडच्याला ते ७३२वरूनच गेलेलं दिसतं. एक पैसा लागत नाही. बोलायची सोय गिझ्मो-फाइव्ह या इंटरनेटवरून फोन करायच्या सेवेवर. मागच्या नोव्हेंबरात गूगलनं ती कंपनी घेतली आणि नवी खाती बंद केली, माझं खातं त्याआधीचं म्हणून वाचलं. ७३२वर आलेला फोन गिझ्मोकडे वळतो आणि वायफायवरून माझ्या हातात वाजतो. अट एकच, मी घरात हवा आणि ब्रॉडबँड चालू हवं. पावसाची सर आली की मोडेमचा दिवा लुकलुकायला लागतो, मग फोन सरळ व्हॉइसमेलला. ब्रॉडबँडचं कुलूप मात्र सिडियालाही उघडत नाही.

तोटेही सांगतो, नाहीतर म्हणशील हा एजंट झालाय. बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. ॲपलचं ४.०.२ बुधवारी आलं, आयट्यून्स रोज मागे लागतं, आणि ते घेतलं की सगळं पुसून परत आरसा. ज्या भोकातून कॉमेक्स शिरला ते पीडीएफच्या फाँटचं भोक आहे, म्हणजे एखादा चोरही वाकडी पीडीएफ देऊन शिरेल. ४.०.२नं ते बुजवलंय, माझं उघडंच आहे. तूर्त पीडीएफ उघडण्याआधी विचारणारी एक जोड सिडियातून घेऊन बसवलीय, दारात म्हातारा रखवालदार बसवल्यासारखी. तू भीती घातलीस ती ऑस्ट्रेलियातली फोन हॅक झाल्याची गोष्ट वेगळी. मागच्या नोव्हेंबरात वॉलपेपरवर गायक रिक अॅस्टलीचा फोटो आला तो एसएसएच (बाहेरून फोनमध्ये शिरायची सोय) घालून 'अल्पाइन' हा मूळचा पासवर्ड तसाच ठेवणाऱ्यांच्या फोनवर. मी एसएसएच घातलेलंच नाही.

एवढं करून ७३२ला येतं कोण, तर सगळ्यात जास्त तिकडच्या माझ्या घराच्या खालच्या मजल्यावरच्या बा. शनिवारी मी त्यांना हवेलीत दर्शनाला न्यायचो, आठवतं ना? मी भारतात गेलोय हे त्यांना पटलेलंच नाही. नंबर तोच, म्हणजे मुलगा इथेच कुठेतरी असणार. त्या गुजरातीत बोलतात आणि गूगलचं यंत्र ते इंग्रजी समजून लिहून काढतं. पहिला निरोप वाचून मी चक्रावलो, 'जेसी क्रिस्टन, बेटर हूम बोल्ट शू'. तीनदा वाचला, मग आवाज ऐकला. जय श्रीकृष्ण, बेटा, हुं बोलुं छुं. पुढे गुडघा, सुनेची नवी गाडी, आणि शेवटी जेवलास का. काल नागपंचमीला आईनं दिंडं केली होती. मी पानावर बसून हेच ऐकत होतो. आईला गुजराती येत नाही, तरी तिनं "कोण गं बाई?" म्हणून फोन कानाला लावला आणि पूर्ण ऐकून परत दिला.

लाइट आली. पंखा सुरू झाला तसे सगळे कागद उडाले, पानांवर आकडे घातलेले नाहीत, जुळवून वाच.

आता गिझ्मो बांधलंय, म्हणून तुझी लँडलाइन आज रात्री खात्यातून काढतोय. उद्या सोमवारी तुझ्या सकाळी साडेनऊला ७३२ लावून बघ, इथे संध्याकाळचे सात असतील, मी घरात मोडेमशेजारी बसलेला असेन. तुझ्याकडे रिंग गेली आणि इथे वाजलंच नाही तर मेल टाक.

आणि बा देवळात भेटल्या तर एक काम कर. अनोळखी नंबर दिसला की गूगल व्हॉइस फोन करणाऱ्याला नाव विचारतं. बांनी सुनेच्या फोनवरून लावला, आणि त्या बाईनं इंग्रजीत नाव विचारल्याबरोबर ठेवून दिला. मग स्वतःच्या फोनवरून निरोप ठेवला, लग्न केलंस ते कळवलंसुद्धा नाहीस. ते नाव विचारणं मी आता बंद केलंय. पण त्यांना सांग, ती बाई मशीन आहे.

वहिनींना नमस्कार, पोरीला पापा. आईचे आशीर्वाद.

तुझा,
सुहास