'सीनियर रँग्लरच्या वर'

महोदय,

रँग्लर परांजपे घरोघरी ठाऊक आहेत. त्यांच्या नऊ वर्षे आधी, १८९० साली, केंब्रिजच्या त्याच गणित परीक्षेत न्यूनम कॉलेजची फिलिपा फॉसेट सर्वांच्या पुढे होती, हे शाळेत शिकवायलाच हवे. मुलींचा निकाल मुलांनंतर वेगळा वाचत. तिचे स्थान 'सीनियर रँग्लरच्या वर', म्हणजे पहिल्या आलेल्या मुलाच्याही वर, असे जाहीर झाले. पदवी मात्र नाही! १८८१ पासून मुलींना परीक्षेची मुभा होती, पण त्यांना पदवी द्यायची की नाही हे ठरवणारे मतदार पदवीधर पुरुषच. १८९७ मध्येही त्यांनी नकारच दिला. पुढे १९०४ ते १९०७ या काळात अशा शेकडो जणी बोटीने डब्लिनला गेल्या. तिथले ट्रिनिटी कॉलेज केंब्रिजची परीक्षा ग्राह्य धरून, शुल्क घेऊन पदवी देई. केंब्रिजने पूर्ण पदवी दिली ती थेट १९४८ साली.

– एक गणित शिक्षिका, पुणे