समुद्रातली केबल नक्की कोणाच्या मालकीची?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत समुद्रातल्या पवनचक्क्यांवर पानभर लेख आलाय, फोटो मस्त आहेत, पात्यांची लांबी वगैरे सगळं आहे, पण केबलबद्दल अख्ख्या लेखात एकच ओळ, ती पण "वीज समुद्राखालून किनाऱ्यावर आणली जाते" एवढीच. अहो, पण कोण आणतं? वरून त्या लेखात असंही सूचित केलंय की पवनचक्क्या ज्या कंपनीच्या, किनाऱ्यापर्यंतचं सगळं तिचंच. माझी नोकरी ट्रान्समिशनमध्ये, म्हणजे मोठ्या दाबाची वीज लांबवर वाहून नेण्याच्या कामात झाली म्हणून असेल कदाचित, पण हे वाचून गप्प बसवेना.

ज्या ब्रिटनचे फोटो तुम्ही छापलेत तिथे तर नियम बरोबर उलटा आहे. २००९ पासून तिथे समुद्रातली १३२ केव्ही (किलोव्होल्ट, विजेचा दाब) आणि त्यावरची लाईन ट्रान्समिशन धरतात (गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये जमिनीवर हेच १३२ केव्ही डिस्ट्रिब्यूशनमध्ये, म्हणजे वितरणात मोडतं), आणि वीज तयार करणाऱ्याला ट्रान्समिशनचं लायसन्स मिळत नाही. मग होतं काय, की बहुतेक वेळा समुद्रातला सबस्टेशन प्लॅटफॉर्म, तिथून किनाऱ्यापर्यंत येणारी एक्स्पोर्ट केबल, किनाऱ्यावरचं सबस्टेशन हे सगळं पवनचक्कीवालीच कंपनी बांधते, चालू करते आणि मग तिला ते विकावंच लागतं. ऑफजेम म्हणजे तिथला वीज-गॅसचा नियामक, तो आधी खर्चाचा हिशेब तपासतो, वाजवी वाटेल तेवढीच किंमत मान्य करतो, टेंडर काढतो, आणि वर्षाला कमीत कमी पैसे घेऊन केबल सांभाळायला जो तयार होईल त्याचं पारडं जड. या नव्या मालकाला ऑफ्टो (ऑफशोअर ट्रान्समिशन ओनर) म्हणतात. पहिलं लायसन्स २०११ मध्ये रॉबिन रिग या समुद्रातल्या पवनचक्की प्रकल्पाच्या केबलसाठी दिलं गेलं.

मला ही पद्धत मुळात पटते. ऑफ्टोला पैसे मिळतात ते केबल उपलब्ध ठेवण्याचे, वारा वाहो न वाहो, त्यामुळे उत्पन्न बांधलेलं, जोखीम कमी, म्हणून पेन्शन फंडासारखा सावध पैसा कमी परताव्यावरही यायला तयार होतो. टार्गेट ९८ टक्के उपलब्धतेचं, त्याच्या खाली गेलं तर दंड. ऐकायला छान, पण खरी मेख पुढे आहे. तो दंड एका वर्षात वार्षिक उत्पन्नाच्या साधारण १० टक्क्यांवर जात नाही. आणि केबल महिनोन्‌महिने बंद पडली तर पवनचक्कीवाल्याची जी वीजविक्री बुडते ती त्या दंडाच्या कितीतरी पट असते, आणि ती त्याला कोणी भरून देत नाही. म्हणजे केबल सांभाळणारा एक, बांधणारा दुसरा, आणि मार खाणारा परत तोच बांधणारा, जो आता केबलचा मालकच राहिलेला नाही!

ग्विंट इ मोर बघा, वेल्सच्या उत्तर किनाऱ्याजवळचा ५७६ मेगावॉटचा प्रकल्प. फेब्रुवारी २०१५ मध्ये केबल ऑफ्टोच्या ताब्यात गेल्या, मार्चमध्ये एक बिघडली, सप्टेंबरमध्ये दुसरी. पॉवर केबलच्या पोटातच फायबर ऑप्टिकची बारीक नळी असते, तिच्या प्लास्टिकच्या आवरणाला इजा झालेली होती आणि तिथून गंज वगैरे सुरू होऊन शेवटी मेन कोअर, म्हणजे वीज वाहणारा मुख्य गाभाच गेला असं निघालं. आता अशी इजा वरून दिसते का हो? ताबा घेताना कागद बघणार, टेस्ट रिपोर्ट बघणार, सगळं ओके. मग दुरुस्तीचे पैसे कोणाचे, नव्या मालकाचे, जुन्याचे, केबल कारखान्याचे, विम्याचे, की शेवटी ग्राहकांच्या बिलात? लायसन्समध्ये अशा अनपेक्षित खर्चासाठी उत्पन्न वाढवून मागायचं कलम आहे, त्याच्यावरून वाद व्हायचा तो झालाच.

यावर कोणी म्हणेल की मग जर्मनीसारखं करा, ग्रिड कंपनीनेच समुद्रात केबल न्यायची, हस्तांतराची भानगडच नको. तिकडचंही ऐका. बोर्कुम बेटाजवळचा रिफगाट प्रकल्प, ३० टर्बाइन, २०१३ च्या उन्हाळ्यात उभा राहून तयार, पण केबल नाही, कारण तिच्या मार्गावर दुसऱ्या महायुद्धातला दारूगोळा पडलेला, तो काढेपर्यंत काम ठप्प. टर्बाइन नुसते उभे राहिले तर खराब होतात म्हणून चक्क डिझेल जनरेटर लावून त्यांना वीज द्यावी लागली. पवनचक्कीला डिझेल! वीज किनाऱ्यावर जायला २०१४ उजाडलं. कनेक्शन अशी रखडायला लागल्यावर जर्मनीने कायदा केला की केबल सलग १० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली तर ११ व्या दिवसापासून बुडालेल्या उत्पन्नाच्या ९० टक्के भरपाई, आणि तो भार बराचसा ग्राहकांवर, बिलातल्या जादा आकाराच्या रूपाने. पवनचक्कीवाला सुटला, बिल भरणारा अडकला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मालकी सरकारी की खासगी यावर नुसतं भांडून काही हाती लागत नाही, करारात बिघाडाची जबाबदारी कशी वाटलीय ते बघा. बांधणाऱ्याने विकून मोकळं व्हायचं असेल तर केबल किती खोल पुरली त्याचा सर्व्हे, फायबरची रीडिंग्ज, कारखान्याची वॉरंटी, सगळं नव्या मालकाच्या नावावर झालंच पाहिजे, आणि लपलेला दोष पहिल्या काही वर्षांत निघाला तर बांधणाऱ्याचाही हिस्सा हवा. आज किती ठिकाणी असं होतं हे तुमच्या वार्ताहराने जरूर शोधावं. (प्रत्येक प्रकल्पाची वेगळी केबल किनाऱ्यावर आणायची, हा वेगळाच गोंधळ, त्याचा फेरविचार ब्रिटनने २०२० मध्ये सुरू केला, ते परत कधीतरी.)

अजून एक, ज्यावर फारसं कोणी बोलत नाही. सुरुवातीच्या ऑफ्टोंना उत्पन्नाची हमी २० वर्षांची आहे, म्हणजे पहिल्यांची मुदत २०३१ च्या आसपास संपायला लागणार, आणि तोवर पवनचक्क्या धडधाकट असल्या तर त्या अजून चालवायच्याच असणार. ज्या मालकाला माहितीय की २० व्या वर्षानंतर आपले पैसे थांबणार, तो १८ व्या वर्षी केबलच्या सर्व्हेवर, स्पेअर केबलवर स्वतःहून किती खर्च करेल? मुदतवाढीच्या अटी नियामकाने शेवटच्या वर्षापर्यंत ताणू नयेत, निदान चार-पाच वर्षं आधी सांगाव्यात, आणि तपासणीचा खर्च कोणाचा तेही त्यातच लिहावं.

आपला,
एक निवृत्त वीज अभियंता