ज्यू स्त्रियांच्या सेवाकार्याचीही दखल घ्यावी

महोदय,

स्त्रियांच्या सेवासंस्थांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात मराठी हीच मायबोली असलेल्या बेने इस्रायली ज्यू स्त्रिया क्वचितच दिसतात, याची मनापासून खंत वाटते. हिब्रूत दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ दयेत नसून न्यायात आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फियात १८१९ मध्ये रिबेका ग्रात्झ आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी गरजू ज्यू कुटुंबांना अन्न, कपडे व सरपण पुरवणारी संस्था काढली, तर हेन्रिएटा सोल्ड यांनी १९१२ मध्ये उभारलेल्या ‘हदासा’ या ज्यू स्त्रियांच्या संस्थेने वर्षभरातच दोन परिचारिका जेरुसलेमला पाठवल्या. मुंबईतही बेने इस्रायली स्त्रियांनी स्वतःचे स्त्री मंडळ चालवले. मुंबईच्याच कामा रुग्णालयाची धुरा वाहणाऱ्या बेने इस्रायली डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली.

अमळनेरच्या आमच्या महिला मंडळात पत्र्याचा एक डबा आहे. उन्हाळ्यात पापड-कुरडया विकून आलेले पैसे त्यात पडतात आणि जूनमध्ये त्यातून मुलींच्या वह्या येतात. ज्यू घरांतूनही असाच दानाचा डबा असतो आणि शुक्रवारी सांजवात लावण्याआधी गृहिणी त्यात नाणे टाकते, हे कळल्यापासून त्या स्त्रिया मला परक्या वाटत नाहीत. आपल्या पुरवणीत त्यांच्यावर एक सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)