बागांतल्या जांभ्याच्या वाटा जांभ्याच्याच राहू द्याव्यात

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात रस्त्यांच्या भूमिपूजनांचा हंगाम सुरू होतो. वाडीपर्यंतचा रस्ता पक्का व्हावा, आजारी माणसाला डोलीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत आणण्याची वेळ कोणावर येऊ नये, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु अलीकडे वाडी ओलांडून पुढे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जाणाऱ्या, आंबा-काजूच्या बागांमधून फिरणाऱ्या आणि एरवी चार-दोन दुचाकी व हंगामात पेट्यांचे टेम्पो एवढीच वर्दळ असलेल्या जांभ्याच्या वाटांवरही सरसकट काँक्रीट ओतले जात आहे. या वाटा आहेत तशा राखण्यातही गावाचा फायदा असू शकतो, याचा विचार कोणत्याही आराखड्यात दिसत नाही. इटलीतील टस्कनी प्रांताने तो केला, आणि त्याचे फळ आज तेथील खेडी घेत आहेत.

फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधला किआंतीचा मुलूख डोंगराळ आहे. द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा, टेकडीच्या माथ्यावर दगडी घरांची गावे आणि या सर्वांना जोडणारे चुनखडीच्या बारीक खडीचे पांढरे रस्ते, असे त्याचे स्वरूप. हे रस्तेही एकेक करून डांबराखाली जाऊ लागले होते. ते वाचावेत म्हणून जिआन्कार्लो ब्रोच्ची या सायकलप्रेमीने १९९७ साली गायोले या छोट्या गावातून जुन्या सायकलींची एक फेरी काढली. पहिल्या वर्षी तीत ९२ स्वार होते. ‘लेरोइका’ या नावाने ती आजही ऑक्टोबरात भरते आणि तिच्यात मुख्यतः १९८७ पूर्वीच्या बनावटीच्या सायकली चालतात. तिच्यातूनच पुढे २००७ साली व्यावसायिक स्वारांची शर्यत उभी राहिली. ही शर्यत आता दर मार्चमध्ये याच पांढऱ्या रस्त्यांवरून धावून सिएनाच्या प्रसिद्ध चौकात संपते. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते असे, की फेरीचा सुमारे दोनशे किलोमीटरचा मार्ग कायमच्या पाट्या लावून वर्षभर खुला ठेवला आहे. कोणीही यावे, आपल्या गतीने फिरावे आणि गावात मुक्काम करावा.

या प्रवासासाठी जी सायकल आता जगभर रूढ झाली आहे, तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. शर्यतीच्या सायकलीसारखा वाकडा हँडल, पण टायर चांगला चाळीस मिलिमीटर रुंद, डिस्क ब्रेक आणि खड्या चढासाठी हलके गिअर, अशी तिची रचना असते. टायरमध्ये हवा मुद्दाम कमी, साधारण तीस-चाळीस पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) ठेवतात, म्हणजे तो खडीवर उसळत नाही, खडीला धरून चालतो. बहुतेकांच्या टायरांत ट्यूब नसते, आत पातळ चीक असतो आणि काटा रुतला की तो चीक भोक बुजवतो. (करवंदीच्या काट्यांमधून सायकल हाकणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.) सैल खडीच्या उतारावर पुढचा ब्रेक वळणात दाबला तर चाक सटकते, म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा लागतो आणि वजन मागे घ्यावे लागते. सड्यावरून खाडीकडे उतरणारी कोणतीही घाटी याच अंगाने उतरावी लागते. या ग्रॅव्हल सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ साली इटलीच्याच वेनेतो प्रांतात झाली, आणि २०२३ ची पिएवे दी सोलिगो येथे, म्हणजे ज्या द्राक्षटेकड्यांना युनेस्कोने २०१९ मध्ये जागतिक वारसा ठरवले त्यांच्या कुशीत संपली.

आता आपल्याकडे पाहावे. चुना न लावता रचलेल्या दगडी बांधांची कला युनेस्कोने २०१८ मध्ये इटली, फ्रान्स, स्पेन, ग्रीस आदी आठ देशांच्या नावे वारशाच्या यादीत नोंदवली. आमचा गडगा वेगळा काय आहे? मळ्याच्या जागी कलमांची बाग, चुनखडीच्या जागी जांभा आणि टेकडीच्या जागी सडा एवढाच फरक, आणि वर समुद्र आहे तो निराळाच. राजापूर तालुक्यातील कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी ही कातळशिल्पांची ठिकाणे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. कच्च्या वाटांनी ती एकमेकांना जोडून घेतली तर सायकलस्वाराला दोन-तीन दिवस गुंतवणारा मार्ग सहज उभा राहील. मात्र वाट असेल तेथूनच जावे, मोकळा कातळ दिसला म्हणून त्यावर चाके घालू नयेत, हा नियम पहिल्याच पाटीवर लिहावा लागेल.

‘कच्चा रस्ता पावसात टिकत नाही’ हा आक्षेप खरा आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. किआंतीत वर्षाकाठी साधारण हजार मिलिमीटरच्या आतच पाऊस पडतो. रत्नागिरीत चार महिन्यांतच तीन हजारांच्या घरात जातो. परंतु आमच्या बागांच्या वाटा बहुधा वाहून जातात त्या पाणी वाटेवरूनच धावते म्हणून. वाटेचा मध्य किंचित उंच ठेवला, दोन्ही बाजूंना चर मारला, चढावर ठरावीक अंतराने पाणी आडवे काढून दिले आणि पऱ्या (लहान ओढा) जेथे वाट ओलांडतो तेथे मोरी बांधली, तर जांभ्याचा मुरूम रोलर फिरवल्यावर चांगला बसतो. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि वारा लागला की कडक होतो, हे चिरे काढणाऱ्या कोणालाही विचारावे. मृगाआधी चर साफ करणे आणि दिवाळीनंतर खळगे भरून घेणे ही दोन कामे दरवर्षी करावी लागतात. ती गावातल्या माणसांच्या हातची आहेत, आणि कदाचित म्हणूनच त्यांत कोणा ठेकेदाराला रस नसावा. उलट खड्या चढावर ओतलेल्या काँक्रीटच्या पट्टीखालची माती दोन पावसांत निघून जाते, कडा अधांतरी राहतात आणि तेथून टेम्पोच काय, बैलगाडीही नीट जात नाही, हे आमच्या पंचक्रोशीत जागोजाग पाहायला मिळते.

हंगामाचे गणितही जमण्यासारखे आहे. भूमध्य समुद्राच्या काठी उन्हाळा कोरडा असल्याने तेथील स्वार वसंतापासून द्राक्षांच्या तोडणीपर्यंत फिरतात. आमच्याकडे ती मुभा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मिळेल, म्हणजे आंब्याची तोड सुरू होण्याआधी, जेव्हा किनाऱ्यावरील निवास-न्याहारीची घरे सुट्ट्यांचे दिवस वगळता बहुतांशी रिकामी असतात. अडचण एकच, आणि ती मोठी आहे. याच दिवसांत मोहोरावर फवारण्या चालतात. फवारणी चालू असलेल्या बागेशेजारून धापा टाकत चढ चढणे कोणाच्याही हिताचे नाही. द्राक्षमळ्यांनाही फवारणी चुकलेली नाही. आमच्या सुपारीवर कोळेरोगासाठी मारतात ते बोर्डो मिश्रण मुळात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतलेच. तेव्हा फवारणीचा दिवस फाट्यावरील फळ्यावर लिहिण्याची आणि त्या दिवशी दुसऱ्या वाटेने वळवण्याची सोय मार्ग आखतानाच करावी लागेल. बागा खासगी आहेत, राखणदाराला विचारल्याशिवाय बेड्याच्या (बागेच्या फाटकाच्या) आत पाऊल टाकायचे नाही, हेही पाहुण्यांना स्पष्ट सांगावे लागेल.

म्हणून माझी विनंती अशी, की जिल्हा परिषदेने पुढील आराखडा करताना वाडीला, शाळेला आणि दवाखान्याला जाणारे रस्ते वेगळे काढावेत व ते प्राधान्याने पक्के करावेत. उरलेल्या बागांच्या आणि सड्यावरील वाटांपैकी कोणत्या मुरमाच्या ठेवायच्या ते ग्रामसभांनी बागायतदारांना विचारून ठरवावे आणि त्यांच्या चर-मोऱ्यांसाठी डागडुजीचा स्वतंत्र निधी ठेवावा. आरंभ राजापूर तालुक्यातील एकाच मार्गाने केला तरी चालेल. यंदाची भूमिपूजने उरकण्याआधी निदान तेवढ्या वाटांची यादी ग्रामसभांपुढे यावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, रत्नागिरी