पालखीच्या दिवशी स्वारगेटच्या गाडीवर असलेल्या कंडक्टरदादांना

कंडक्टरदादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. औंधहून स्वारगेटला निघालेली संध्याकाळची गाडी, पालख्या पुण्यात यायचा दिवस आणि पाय ठेवायला जागा नाही एवढी गर्दी, एवढ्याच खुणांवर हे पत्र लिहिते आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी ओळखलं तर तुमच्यापर्यंत नक्की पोचवावं.

माऊली आणि तुकोबा शहरात आले की फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता बंद होतात हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक असतं. तरी विद्यापीठ चौकात गाडी शिवाजीनगरकडे न जाता सेनापती बापट रस्त्याला लागली आणि एकच गलका झाला. ‘अहो, कुठं नेताय?’, ‘आधी सांगायचं ना!’ एक काका तर तिकिटाचे पैसे परत मागायला लागले. दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाचा तोल अशा वेळी जातोच. तुमचा गेला नाही. वरचा दांडा धरून तुम्ही मधोमध उभे राहिलात आणि म्हणालात, “मंडळी, आज पुणे दर्शन. तिकीट मात्र स्वारगेटचंच!”

ज्यांना शिवाजीनगरला जायचं होतं त्यांना तुम्ही मॉडेल कॉलनीच्या वळणावर उतरवून आतला रस्ता नीट समजावून दिलात. मग गाडी मुंगीच्या पावलांनी लॉ कॉलेज रस्त्याला आली. “हे लॉ कॉलेज. स्थापना 1924. तिकिटाचा दावा लावायचा असेल त्यांनी इथं उतरावं,” असं तुम्ही काकांकडे बघत म्हणालात आणि सगळ्यांत आधी काकाच हसले. पुढे फिल्म इन्स्टिट्यूट दिसलं. “जुना प्रभात स्टुडिओ! हीरो व्हायचं असेल त्यांनी उतरा, बाकीचे आत सरका, मधे जागा आहे!” आणि खरंच, इतका वेळ दारात अडून बसलेली पोरं हसत हसत आत सरकली.

मला मात्र हसू येत नव्हतं. मुलगी पाळणाघरात होती, घड्याळ पुढे चाललं होतं आणि गाडी नळस्टॉपला खिळली होती. मी फोनवर उशिराचं कारण सांगत होते, पण माझाच आवाज कापत होता. तुम्ही तिकिटं फाडता फाडता थांबलात. “ताई, द्या जरा.” आणि फोनवर म्हणालात, “नमस्कार, कंडक्टर बोलतोय. बाळाची आई माझ्याच गाडीत आहे. माऊलींमुळे वाट बदललीय, पण पंढरपूरला नेत नाही, स्वारगेटलाच सोडतो. तेवढं बाळाला काहीतरी खायला द्या.” पलीकडून पाळणाघरातल्या काकू एवढ्या मोठ्यांदा हसल्या की शेजारच्या बाईंनाही ऐकू गेलं. माझ्या छातीवरचा दगड तिथंच उतरला. बाळाच्या खाण्याचं मलासुद्धा सुचलं नव्हतं, दादा. तुम्हाला सुचलं.

माझ्या पुढच्या सीटवर गावाकडून दर्शनाला आलेल्या आजी होत्या. इतका वळसा बघून त्या घाबरल्या होत्या, माऊली निघून तर जाणार नाहीत? त्यांच्याशी तुम्ही थट्टा केली नाहीत, हे मला फार आवडलं. खाली वाकून त्यांना सांगितलंत, “आजी, माऊलींचा मुक्काम भवानी पेठेत, पालखी विठोबाला. तुकोबांचा नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाला. दोन रात्री इथंच आहेत. मग माऊली दिवे घाटानं सासवडला आणि तुकोबा लोणीकडे. तुमचं दर्शन कुठं जात नाही.” आजींनी हात जोडले तर तुम्हीही तिकिटाची पेटी काखेत दाबून हात जोडलेत.

कुणाला हसवायचं आणि कुणापुढे वाकायचं, हे तुम्हाला नेमकं कळतं. त्या गाडीत आम्ही सगळे एकमेकांवर चिडलेले होतो. म्हात्रे पूल ओलांडेपर्यंत लोक एकमेकांना शेंगदाणे देत होते आणि दांडेकर पुलाला कोण आधी उतरणार यावर गप्पा चालल्या होत्या. हे तुमच्यामुळे झालं. आमच्यासारख्या रोज गाडीनं जाणाऱ्या बायकांना अशा माणसाचा केवढा आधार वाटतो, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मी सांगते आहे.

स्वारगेटला उतरताना गर्दीत ‘थँक्यू’सुद्धा म्हणता आलं नाही. तुम्ही आजींचं गाठोडं खाली उतरवत होता. मनापासून आभार, दादा. डेपोतही तुमच्या कौतुकाचं पत्र देणार आहे. गाडीची वेळ आणि मार्ग त्यात लिहिला आहे, म्हणजे साहेबांना तुम्हाला शोधता येईल.

तुमची,
बिबवेवाडीची एक प्रवासी