भट्टीचे भाडे काच थंड होण्याच्या तासांवर ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन मीटर लांबीचे काचशिल्प स्वतःच्या भट्टीत करू शकेल असा कलावंत विरळाच. असे काम हाती आले की मोठी भट्टी भाड्याने घ्यावी लागते. व्यवहार ठरताना तीन प्रश्न हमखास विचारले जातात: आत केवढी काच मावते, भट्टी किती तापते आणि रोजचे भाडे किती. काच थंड व्हायला किती तास लागणार, हा चौथा प्रश्न राहून जातो आणि बहुतेक मोठी कामे तिथेच फुटतात. काम देणाऱ्या संस्था, कलावंत आणि भट्टीमालक या तिघांनीही तो प्रश्न करारात आणावा, म्हणून हे पत्र.

काच वितळवण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ अॅनिलिंगला, म्हणजे आत ताण राहू नये म्हणून काच सावकाश थंड करण्याला, लागतो. काच ठरलेल्या तापमानावर रोखून धरायची, तिच्या पोटातले आणि पृष्ठभागावरचे तापमान एक होऊ द्यायचे आणि मग तिला सावकाश खाली आणायचे. जाडी दुप्पट झाली की तापमान उतरण्याचा वेग एक चतुर्थांशावर आणावा लागतो. फ्यूजिंगसाठी (काचेचे तुकडे तापवून एकजीव करण्यासाठी) सर्रास वापरल्या जाणाऱ्या बुल्सआय कंपनीच्या काचेचाच हिशेब पाहा. २५ मिमी जाडीला ४८२ अंश सेल्सियसवर ४ तास होल्ड (त्याच तापमानावर रोखून धरणे), पुढे ४२७ अंशांपर्यंत ताशी १५ अंशांची उतरण, त्याखाली थोडी जलद. एकूण सुमारे १४ तास. ५० मिमीला ८ तास होल्ड आणि ताशी ३.८ अंश, एकूण ४७ तास. १०० मिमीला १६ तास होल्ड आणि ताशी एक अंशाहूनही कमी. एकूण १७० तास, म्हणजे सात दिवस. शिवाय काच वरून आणि खालून सारखीच थंड होते, असे या आकड्यांत गृहीत धरलेले आहे. जाड शेल्फवर, म्हणजे भट्टीतल्या फळीवर, आडवी ठेवलेली लादी मुख्यतः वरूनच थंड होते. तिची जाडी दुप्पट समजूनच तास काढावेत. म्हणजे ५० मिमीच्या लादीसाठीही १७० तास धरायचे. प्लास्टर-सिलिकाच्या साच्यात ओतकाम असेल तर साचाही उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे घाई आणखीच महागात पडते. जाडी कमीजास्त असेल तर सर्वांत जाड भाग हिशेबाला घ्यावा.

खिडकीची साधी फ्लोट काच असेल तर अॅनिलिंगचे तापमान ५५० अंशांच्या आसपास येते. दुसऱ्या काचेचा कार्यक्रम, म्हणजे तापमान आणि तासांचे वेळापत्रक, तिला लावू नये.

अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीच्या आरशाची काच डिसेंबर १९३४ मध्ये ओतली गेली आणि पुढे सुमारे दहा महिने ती थंड होत राहिली. मोठ्या काचेला वेळ लागतोच, हे काम देणाऱ्यांना पटवायचे असेल तर एवढे उदाहरण पुरेसे आहे.

भाड्याने मिळणाऱ्या मोठ्या भट्ट्या पुष्कळदा मातीकामाच्या असतात. त्यांचे एलिमेंट (विजेवर तापणाऱ्या तारा) बाजूच्या भिंतींत असतात. अशा भट्टीत सपाट काचेच्या कडा आधी तापतात, मधला भाग मागे राहतो आणि तापमान चढतानाच तडा जातो. सपाट कामाला छतात एलिमेंट असलेली भट्टी हवी. ती मिळत नसेल तर चढणीचा वेग बराच कमी ठेवावा आणि काच भिंतीपासून शक्य तितकी लांब मांडावी. भट्टीचे तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर दिसणारा आकडा एकाच थर्मोकपलचा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचा, असतो. तो भट्टीच्या एका बिंदूचे तापमान सांगतो, काचेचे नव्हे. म्हणून खऱ्या कामाआधी एक चाचणी फायरिंग (भट्टी तापवून थंड करण्याची पूर्ण फेरी) करारातच लिहून घ्यावी. शेल्फ, विटा, टाकाऊ काच असा जवळजवळ तेवढाच भार आत ठेवावा, कारण रिकामी भट्टी वेगळी वागते. स्वतंत्र थर्मोकपल मधोमध, चारही कोपऱ्यांत आणि शेल्फच्या खाली लावावेत. होल्ड संपताना त्यांच्यात ५ अंशांहून जास्त फरक राहिला तर होल्ड वाढवावा, दरवाजाची फट उष्णतारोधक फायबरने बुजवावी, बंद पडलेला एलिमेंट बदलून घ्यावा. एवढे करूनही फरक जात नसेल तर त्या भट्टीत जाड काम करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता वजन. काचेची घनता पाण्याच्या अडीचपट असते. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ५० मिमी जाड लादी सुमारे १८८ किलो भरते. साचा आणि शेल्फ वेगळे. हा भार भट्टीचा तळ पेलतो का, काम आत न्यायला आणि बाहेर काढायला ट्रॉली किंवा उचलयंत्र आहे का, हे प्रत्यक्ष पाहावे. शेल्फ पाणसळीने तपासावा, कारण वितळलेली काच उताराकडे वाहते आणि एक कड पातळ, दुसरी जाड होते. अनेक शेल्फ जोडून बैठक केली असेल तर सांधा काचेच्या पाठीवर उमटतो, त्यामुळे वर सलग फायबर बोर्ड आणि त्यावर फायबर पेपर हवा. तो कापताना आणि काढताना मास्क लावावा, धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. साच्यात किती काच लागेल हे त्यात मावणाऱ्या पाण्यावरून काढता येते: एक लिटरला अडीच किलो. साचा पूर्ण वाळलेला असावा. ओल्या साच्याची वाफ साचा फोडते, एलिमेंटही खराब करते आणि मग भट्टीमालकाची तक्रार रास्तच असते.

विजेबद्दल करारात सहसा एक ओळही नसते. वीज गेल्यावर कंट्रोलर काय करतो, हे आधी विचारावे. काही कंट्रोलर थांबलेल्या जागेवरून पुढे जातात, काही बंदच पडतात, काही कार्यक्रम पहिल्यापासून सुरू करतात. तिसरा प्रकार सर्वांत घातक. अर्धवट थंड झालेली जाड काच त्यात पुन्हा वेगाने तापू लागते आणि फुटते. वीज गेली तर दार उघडू नये. तापमान अॅनिलिंगच्या पट्ट्याखाली गेले असेल तर सावकाश पुन्हा वर नेऊन पूर्ण होल्ड द्यावा. जनरेटर भट्टीच्या पूर्ण क्षमतेचा नसला तरी चालतो. ४८२ अंश टिकवायला लागणारी वीज काच वितळवण्याच्या मानाने बरीच कमी असते.

इतके करूनही तडा गेला तर भरपाई कोणाची, यावर वाद होतो. उत्तर बरेचदा काचेतच असते. तड्याची कड गोलसर झाली असेल तर काच चढताना फुटली आणि नंतरच्या उष्णतेत कड विरघळली. कड धारदार असेल तर काच उतरताना किंवा नंतर फुटली. तडा दोन रंगांच्या सीमेवरूनच गेला असेल तर त्या दोन काचांचे प्रसरण जुळत नव्हते, त्यात भट्टीचा दोष नाही. काच अखंड निघाली तरी दोन पोलरायझिंग फिल्टर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे) आडवे-उभे धरून त्यांच्यामधून ती पाहावी. पारदर्शक काचेत ताण राहिला असेल तर उजळ डाग दिसतात. मात्र काच पूर्ण गार झाल्यावरच हे पाहावे, कारण ती कोमट असतानाचा तात्पुरता ताणही तसाच दिसतो. ताण राहिलेली काच घासताना, भोके पाडताना किंवा बसवल्यानंतर महिन्यांनीही फुटू शकते.

काम देणाऱ्या संस्थांना विनंती अशी, की अनावरणाची तारीख अॅनिलिंगचे तास, चाचणी फायरिंग आणि लागल्यास एक पूर्ण पुनरावृत्ती धरून ठरवावी. भाडेकरारात दिवसांऐवजी कार्यक्रमाचे तास लिहावेत, आणि भट्टी ४० अंशांखाली आल्याशिवाय दार उघडायचे नाही, पुढचा भाडेकरू दारात उभा असला तरी, हे कलम घालावे. भट्टीमालकाने संपूर्ण फायरिंगचा छापील तापमान-आलेख कलावंताला द्यावा आणि कलावंताने तो शिल्पासोबत संस्थेकडे सोपवावा.

आपले,
काचकामातील काही कारागीर